दिवाळीपर्यंत सतरा अंडी, आता पाच

पाटण तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. जूनअखेरीस त्यांना पंचायत समितीच्या योजनेतून २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) आणि ३ नर मिळाले. आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीचे, तेव्हा नऊ-दहा आठवड्यांचे. सप्टेंबरच्या शेवटी पहिलं अंडं आलं, दिवाळीच्या तोंडावर रोज सोळा-सतरा मिळू लागली. आता डिसेंबर अर्धा सरला तर पाच, कधी चार. त्यातलंही एखादं कातड्यासारखं मऊ. दोन कोंबड्या मेल्या, एक पोट फुगून आणि दुसरी वाळत वाळत. तीन-चार शिंकतायत, एकीचा डोळा चिकटलाय. दुकानातून आणलेली पिवळी पावडर दोन वेळा पाण्यातून दिली, काही फरक नाही. 'अंडी परत सुरू व्हायला कोणतं औषध देऊ?' असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी एकतीस वर्षं सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात काढली. डॉक्टर नाही. त्यामुळे कुठल्या औषधाचा डोस किती, हे मी इथे लिहिणार नाही, ते तुमच्या दवाखान्यातले डॉक्टर पक्षी बघून सांगतील. पण कोंबड्या रोज हाताळतो, घरच्या परसात आजही चाळीसेक आहेत, आणि तुमच्यासारखं गाऱ्हाणं दर थंडीत दहा ठिकाणांहून येतं.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट लगेच डोळ्यात भरली. सगळं दिवाळीनंतर बिघडलं. रोग पंचांग बघून येत नाही. म्हणून कोंबड्यांचं काय झालं हे बघण्याआधी, दिवाळीनंतर तुमच्या घरात काय बदललं ते बघू. तुम्हीच जाता जाता लिहिलंय: लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) महाग पडतं म्हणून दिवाळीनंतर बंद केलं आणि मक्याचा भरडा, गहू, उरलेला भात सुरू केला. थंडी वाढली म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद आणि पोती बांधली. दिवाळीत शेजारच्या अंगणात चार दिवस फटाके झाले. आणि एक बदल तुमच्या हातातला नाही, तो म्हणजे दिवस लहान झाला. या चारांत तुमच्या बाराएक अंड्यांचा हिशेब बहुतेक लागतो. शिंका आणि मेलेल्या दोन कोंबड्या यांचा विचार वेगळा करायचा. अंडी कमी होणं आणि आजार या दोन गोष्टी तुमच्या खुराड्यात एकाच वेळी चालू आहेत, आणि तुम्ही दोन्हींवर एकच पावडर घालताय.

खाद्यापासून सुरुवात करू, कारण मऊ अंड्याचं मूळ तिथेच दिसतंय. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. लेयर मॅशमध्ये ते साडेतीन ते चार टक्के घातलेलं असतं. मक्यात जवळजवळ काहीच नाही, शंभर ग्रॅम मक्यात दोन-तीन शतांश ग्रॅम. गहू आणि भात यांचीही तीच गत. मग कोंबडी कवच बनवते कशातून? स्वतःच्या हाडांतून. अंड्यावर येताना तिच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक साठा तयार होतो, तो ती काढत राहते. काही दिवस निभतं, मग कवच पातळ होतं, मग अंडं बिनकवचाचं पडतं, आणि शेवटी शरीर अंडं घालणंच थांबवतं. प्रथिनांचंही तेच. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा ते अठरा टक्के प्रथिनं लागतात, मक्यात आठ-नऊच. बाहेर फिरून किडे-गांडुळं मिळतात म्हणाल, तर ती पावसाळ्यात. डिसेंबरात माळ कोरडा पडला की उकिरड्यावरही फारसं काही सापडत नाही.

विकतचं लेयर मॅश परवडत नसेल तर घरी मिश्रण करा, पण अंदाजाने नको. दहा किलोला माझं माप असं आहे: मक्याचा भरडा पाच किलो, सोयाबीनची पेंड दोन किलो दोनशे, भाताचा बारीक कोंडा एक किलो सातशे, शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीचा भरडा नऊशे ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम आणि वर तीस ग्रॅम मीठ. याने प्रथिनं सोळा टक्क्यांच्या वर जातात आणि कॅल्शियमही जागेवर येतं. सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चंच भरडून घालणारे खूप भेटतात. तसं करू नका. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनांचं पचनच अडवतो, कोंबडी खाऊन उपाशी राहते. पेंड वापरा, नाहीतर नीट भाजून मग भरडा. मका घेताना ओंजळीत घेऊन नाकाशी धरा. कुबट वास आला, दाण्याच्या टोकाला हिरवी-काळी बुरशी दिसली, तर कितीही स्वस्त असला तरी नको. ते विष यकृतात बसतं आणि महिन्याभराने तुम्ही म्हणता, कोंबड्या उगाच मरतात.

शिंपल्याचा थोडा चुरा संध्याकाळी वेगळ्या पसरट भांड्यातही ठेवा. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो. ज्या कोंबडीला गरज असते ती झोपायला जाण्याआधी बरोबर त्या भांड्याशी येते. उभं राहून बघा एकदा, मजा वाटेल. नर तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. प्रत्येकी शंभर-एकशेदहा ग्रॅम धरलं तर तुमच्या उरलेल्या सव्वीस पक्ष्यांना दिवसाला पावणेतीन किलोच्या आसपास लागेल, दिवसभर मोकळ्या फिरत असतील तर दोन किलोत भागेल. पाणी मात्र खाद्याच्या दुप्पट. थंडीत सकाळचं पाणी बर्फासारखं गार असतं, कोंबडी चोच लावून मागे होते. कोमट पाणी घाला. पाणी कमी प्यायलं की खाद्य कमी जातं, आणि मग अंडं.

दुसरं उजेडाचं. कोंबडीचं अंड्याचं घड्याळ कवटीतून मेंदूपर्यंत पोचणाऱ्या उजेडावर चालतं. भरपूर अंड्यांसाठी चौदा तासांच्या वर उजेड लागतो. आपल्याकडे जूनमधला सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि आत्ता डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास. तुमच्या तलंगा अंड्यावर आल्या त्याच मुळी दिवस घटत असताना. त्यातून खाद्य तुटलं, मग त्यांनी हात आखडता घेतला यात त्यांचा काय दोष! नऊ वॅटचा एक एलईडी दिवा पुरेल. तो संध्याकाळी नको, पहाटे लावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर ज्या कोंबड्या खाली चरत असतात त्या अंधारात झोपायच्या काठीवर चढू शकत नाहीत, खालीच गोळा होऊन बसतात. पहिल्या आठवड्यात उजाडण्याआधी अर्धा तास, पुढच्या आठवड्यात आणखी अर्धा, असं करत चौदापर्यंत न्या आणि मग त्यात खाडे करू नका. वीज बेभरवशाची असेल तर या भानगडीत न पडलेलं बरं. एक दिवस चौदा, दुसऱ्या दिवशी अकरा, याने काही जणी मध्येच पिसं टाकायला लागतात आणि मग दीड-दोन महिने विसरा. दिवा नाही लावलात तरी फेब्रुवारीत दिवस वाढेल तशी अंडी वाढतील. आमच्या आईने जन्मात कधी खुराड्यात दिवा लावला नाही.

आता एक तपासणी सांगतो. औषधाला हात लावण्याआधी ही कराच, कारण पाच अंडी मिळणं आणि पाच अंडी पडणं यात फरक आहे. रात्री नऊनंतर कोंबड्या काठीवर शांत बसल्या की बॅटरी घेऊन आत जा. एकेक कोंबडी काखेत घ्या, डोकं मागे, शेपूट तुमच्या तोंडापुढे. शेपटाखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना हाडाची दोन टोकं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये तुमची दोन-तीन बोटं आडवी बसली, गुदद्वार मोठं, ओलसर आणि मऊ असलं, तर ती अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम बसतं आणि द्वार आकसलेलं, कोरडं आहे, तर ती बंद आहे. तुमच्या आरआयआरना आणखी एक खूण असते: तलंग असताना पाय पिवळेधमक असतात आणि अंडी घालत जाईल तसा तो पिवळा रंग उतरत जातो. ज्या कोंबडीचे पाय अजून हळदीसारखे आहेत तिने फारशी अंडी घातलेलीच नाहीत, मग तुरा कितीही लालबुंद असो. अंड्यावरच्या कोंबडीच्या पायात सुतळीचा तुकडा सैलसर बांधा आणि शेवटी मोजा.

सुतळीवाल्या पाच-सहाच निघाल्या तर वर लिहिलेलं खाद्य-उजेडाचं खरं. पण बारा-चौदा निघाल्या आणि टोपलीत पाचच अंडी असली, तर सात-आठ अंडी रोज दुसरीकडे जातायत. मेढ्याकडच्या एका घरी मी असाच 'अंडी बंद झाली' म्हणून गेलो होतो. मोजलं तर अकरा कोंबड्या चालू. घरातल्या धाकट्या पोराला सांगितलं, सकाळी त्या काळ्या कोंबडीच्या मागे राहा. तासाभरात तो ओरडत आला. गोठ्यामागच्या पेंढ्याच्या गंजीत तेवीस अंडी, वरची ताजी, खालची सडलेली. त्या माऊलीने तोवर दोन वेळा टॉनिक पाजलं होतं.

तेव्हा तीन दिवस कोंबड्या सकाळी अकरापर्यंत आतच कोंडा. बहुतेक अंडी त्या वेळात पडतात. आत पाच-सहा टोपल्या किंवा लाकडी खोकी पेंढा घालून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, चार-पाच कोंबड्यांमागे एक. आत पिवळा बलक सांडलेला, कवचाचे तुकडे पडलेले दिसले तर त्या अंडी खातायत. सुरुवात मऊ अंड्यापासून होते, ते फुटतं, चव लागते. कवच सुधारलं की बहुतेकींची खोड जाते. एखादी नाही सोडत, तिचा रस्सा करावा.

एखादी टोपलीत दिवसभर फुगून बसली असेल, हात लावला की चोच मारत असेल, तर ती आजारी नाही, खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. आरआयआर खुडूक कमी होतात पण होतात. रवण घालायची नसेल तर चार दिवस उंचावर, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, दाणापाणी भरपूर. पाण्यात बुडवणं, नाकात पीस खुपसणं हे प्रकार बंद करा.

आता शिंकांकडे येतो. तुम्ही खुराडं सहा बाय सहाचं लिहिलंय. म्हणजे छत्तीस चौरस फुटांत अठ्ठावीस पक्षी. दर पक्ष्याला निदान दोन-सव्वादोन चौरस फूट लागतात, म्हणजे साठ तरी हवेत. त्यात चारी बाजूंनी प्लॅस्टिक. संध्याकाळी बंद केलेलं खुराडं उद्या पहाटे उघडा, आत उकिडव्या बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीला न्या. उभ्याने नाही, तिथे कोंबडी नसते. डोळे चुरचुरले, नाकात झणका बसला, तर रात्रभर तोच वायू त्यांच्या फुफ्फुसात जातोय. विष्ठेतून निघणारा हा अमोनिया श्वासनळीचं अस्तर खराब करतो आणि मग एरवी गप्प बसलेले जंतू डोकं वर काढतात. कोंबडीला थंडीचं एवढं भय नाही, अंगावर पिसांची रजई आहे. तिला भय आहे ओलीचं आणि कोंडलेल्या हवेचं. आजच्या आज वरचा फूट-दीड फूट प्लॅस्टिक सगळीकडून काढा, जाळी उघडी ठेवा, खालचा भाग झाकलेला राहू द्या म्हणजे झोत अंगावर येणार नाही. खालची ओली गादी उपसून शेणखतात टाका, तीन बोटं जाड भाताचं कोरडं तूस घाला, आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालीवर करा. मूठभर तूस घट्ट दाबून सोडलं की विस्कटलं पाहिजे. लाडू झाला तर ओलं आहे.

शिंकणाऱ्या चौघींना आज रात्रीच वेगळं करा, डालग्याखाली नाही, दुसऱ्या खोलीत किंवा गोठ्याच्या लांबच्या टोकाला. त्यांचं दाणापाणी शेवटी करा, म्हणजे रोग तुमच्या हातापायांवरून चांगल्या कोंबड्यांकडे जाणार नाही. डोळा चिकटलेल्या कोंबडीचं तोंड हुंगून बघा. सडका, नकोसा वास येत असेल, गालाखाली सूज असेल, तर तो कोरायझाचा प्रकार. नुसती घरघर, नाकात फेस, रात्री शांततेत खुरखुर ऐकू येते आणि आठवडेच्या आठवडे चालते, तो सीआरडी म्हणून जुना हट्टी आजार. दोन्ही जंतूंचे, दोन्हींना औषध आहे, पण औषधं वेगळी. आणि ब्राँकायटिस नावाचा विषाणूचा आजार असेल तर प्रतिजैविकाचा मूळ आजारावर उपयोगच नाही. त्याची खूण अंड्यात सापडते: कवचावर सुरकुत्या, वाकडातिकडा आकार, आणि फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पसरतं. तुमच्या पाच अंड्यांतलं एक ताटलीत फोडून बघा.

तुमची पिवळी पावडर बहुधा ऑक्सिटेट्रासायक्लिन असावी, पाकिटावर वाचा. हे औषध कॅल्शियमला चिकटतं. शिंपल्याचा चुरा आणि ही पावडर एकाच दिवशी पोटात गेली तर औषधाचा बराचसा भाग वाया. शिवाय औषध चालू असताना आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत नंतरची अंडी खायची नाहीत, विकायची तर नाहीतच. दोनदा अर्धवट दिलंत, तिसऱ्यांदा नको.

पोट फुगून मेली ती तुम्ही लिहिलंय तशी 'ताठ उभी, शेपूट खाली, मागून पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी' होती. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगांत हे होतं. बलक अंड्याच्या नळीत जायचा तो बाहेर पोटाच्या पोकळीत पडतो, साठत राहतो आणि त्यात जंतू शिरतात. फटाक्यांसारख्या दचक्यानेही बलक चुकीच्या जागी पडू शकतो. हे दुसरीला लागत नाही आणि त्यावर उपचारही फारसा साधत नाही, तेव्हा तुम्ही काही चुकलात असं मनात आणू नका.

याच्याशी गल्लत होते ती अंडं अडकण्याची, आणि तिथे मात्र जीव वाचतो. कोंबडी सकाळपासून टोपलीत जाते-येते, कुंथते, काही पडत नाही, दुपारी मान आत घेऊन बसते. पोटाखालून हलक्या हाताने चाचपलं तर आत कठीण गोळा लागतो. गेल्या महिन्यात आमच्याच एका तलंगेचं झालं. घमेल्यात कोमट पाणी, आपल्या मनगटाला सोसेल एवढं, त्यात तिला पोटापर्यंत बसवली. पहिली दोन मिनिटं फडफड, मग डोळे मिटून बसली, आपण गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसतो तशी. वीस मिनिटांनी पुसली, बोटाला खोबरेल लावून द्वाराच्या कडेने फिरवलं, अंधाऱ्या खोक्यात ठेवली. तासाभराने अंडं, त्यावर रक्ताची एक रेघ. दाबून काढायचा प्रयत्न करू नका. आत फुटलं की कवचाच्या कपच्यांनी नळी फाटते. दोन-तीन तासांत सुटलं नाही तर डॉक्टर.

दुसरी वाळून मेली. तिचा तुरा पांढरा पडला होता आणि छातीचं हाड सुरीसारखं लागत होतं असं तुम्ही म्हणता. मॅरेकसारख्या रोगातही कोंबडी अशी वाळते, पण त्यात बऱ्याचदा एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडते, तसं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून माझा संशय दोघांवर, जंत आणि गोचीड. सकाळी काठीखाली पडलेली विष्ठा काडीने फोडा. शेवयांसारखे पांढरे जंत दिसले तर प्रश्नच मिटला, पण न दिसले म्हणजे नाहीत असं नव्हे. ताजी विष्ठा डबीत घालून दवाखान्यात द्या, सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात. मोकळ्या फिरणाऱ्या तलंगांना अंड्यावर येण्याआधी एकदा आणि पुढे तीनेक महिन्यांनी जंताचं औषध हवंच. तुम्ही कुठेच दिल्याचं लिहिलेलं नाही. देताना वजनावर माप विचारा आणि अंडी किती दिवस टाकायची तेही विचारा.

गोचिडांसाठी एक प्रश्न: तिन्हीसांजेला कोंबड्या आपसूक आत जातात का, की हाकलाव्या लागतात? जावळीत एका वस्तीवर कोंबड्या खुराडं सोडून जांभळीवर झोपायच्या, पाऊस असो की धुकं. घरच्या म्हातारीचं म्हणणं, खुराड्यात काहीतरी बाहेरचं आहे. मी रात्री दहाला बॅटरी घेऊन गेलो, काठी उचलली, जिथे काठी भिंतीत खोचली होती त्या फटीत कोयत्याचं टोक घातलं आणि फिरवलं. आतून चपटे, राखाडी-निळसर गोचीड दाणे सांडावेत तसे खाली पडले. एक चिरडला तर पायाखाली रक्ताचा डाग. हे दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडत नाहीत म्हणून लोक फसतात. रात्री बाहेर येतात, रक्त पितात, उजाडायच्या आत फटीत. खुराडं रिकामं ठेवून ते उपाशी मरतील म्हणाल तर महिनोन्‌महिने मरत नाहीत. तिथे आम्ही काठ्या जाळल्या, फटीत उकळतं पाणी ओतलं, फटी मातीने लिंपून वर चुन्याचे दोन हात दिले. नव्या काठ्या भिंतीत न खोचता वरून टांगल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, कारण अंड्यांतून नवे निघतात. पिकावरचं फवारणीचं औषध खुराड्यात मारू नका. माझ्या डोळ्यांदेखत एकाच रात्रीत चौदा कोंबड्या गेल्यात त्याने. पक्ष्यांसाठीचं औषध डॉक्टर देतात, तेच घ्या. अंगावरच्या उवांसाठी मात्र जुना उपाय चांगला आहे: कोपऱ्यात खड्डा, त्यात कोरडी माती आणि चुलीतली चाळलेली राख. त्या आपल्या आपण लोळतात.

लसीचा विषय तुम्ही काढलाच नाहीत आणि मला सगळ्यात जास्त धाकधूक त्याचीच आहे. मानमोडी, म्हणजे रानीखेत. कुमाऊँमधल्या रानीखेत गावी १९२७ मध्ये हा रोग आढळला म्हणून हे नाव पडलं. पिल्लांना पाच-सात दिवसांत लासोटा या लसीचा थेंब, महिन्याने पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आरटूबी या लसीचं इंजेक्शन, असा साधारण क्रम असतो. त्याबरोबर देवीची लस. पक्षी जिथून मिळाले तिथे लसीकरणाची नोंद मागा. आरटूबी राहिली असेल तर आता अंड्यावरच्या कोंबड्यांना ती टोचू नका. माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला घरच्या कोंबड्यांना राहिलेली लस म्हणून चालू अंड्यावर आरटूबी दिली. आठव्या दिवशी टोपली रिकामी, आणि पुढचे तीन आठवडे बायकोने अंडी विकत आणून माझ्यापुढे ठेवली, एक शब्द न बोलता. आता द्यायची ती लासोटा, आणि तीही शिंकणाऱ्या बऱ्या झाल्यावर, डॉक्टरांना विचारून. पाण्यातून देणार असाल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको, विहिरीचं घ्या. त्यात लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. कोंबड्यांना आधी दोन तास तहानलेलं ठेवा आणि लसीचं पाणी तासा-दीड तासात संपेल एवढंच करा. लस बर्फात आणायची. कुपी शंभर पक्ष्यांची असते आणि फोडली की उरलेली टिकत नाही, म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकत्र आणा. तसंही शेजारच्या कोंबड्या लसीविना राहिल्या तर तुमचं कुंपण कितीसं पुरणार?

आता कधी थांबायचं नाही, ते सांगतो. मान पिळवटली, हिरवी पाण्यासारखी हगवण लागली, पाय-पंख लुळे पडले, तोंड सुजून तुरा काळानिळा झाला, किंवा दोन दिवसांत तीन-चार मेल्या, तर हे सगळं वाचन बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावा. मेलेली कोंबडी कापायची नाही, खायची नाही, ओढ्यात टाकायची नाही. नंदुरबारच्या नवापूरला २००६ मध्ये आणि परभणीच्या मुरुंब्याला २०२१ मध्ये बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आसपासचे पक्षी नष्ट करावे लागले. लपवून कोणाचंच भलं होत नाही. तुमच्या दोघी सात आठवड्यांच्या अंतराने आणि वेगवेगळ्या लक्षणांनी गेल्या, त्यामुळे तसं काही वाटत नाही. पण यापुढे सुटी एखादी मेली तर ती पिशवीत घालून बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये नको, आणि काही तासांत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनाला न्या. गरज पडली तर ते नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेकडे पाठवतात. एका मेलेल्या कोंबडीचं पोट उघडून जे कळतं ते मी चार पानं लिहून सांगू शकत नाही.

तुम्ही आज करायचं ते एवढंच: प्लॅस्टिक वरून सोडा, चौघींना वेगळं करा, पावडर थांबवा, शिंपल्याचं भांडं ठेवा. उद्या त्या चौघींतली एक आणि विष्ठेची डबी घेऊन दवाखान्यात जा. आठवडाभरात मिश्रण सुरू करा, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत, एकदम नको. आधी कवच सुधारेल, त्याला आठ-दहा दिवस. अंड्यांची संख्या हलायला तीन आठवडे तरी धरा. सतरा लगेच होणार नाहीत, दिवा न लावता तर नाहीच, पण दहा-बारा व्हायला हरकत नाही.

आणि आज रात्रीच बॅटरी घेऊन आत जा. सुतळी किती जणींच्या पायात बांधलीत आणि कोंडलेल्या तीन दिवसांत टोपल्यांत किती अंडी आली, हे दोन आकडे मला कळवा. पुढचं त्यावर बोलू.